दाब थोडा उतरवा, ताप बराच उतरेल

बारामतीहून भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहत सुरू होते. तीनचाकी गाड्या आणि स्कूटर बनवणारा पियाजिओचा कारखाना, दुधावर प्रक्रिया करणारे प्रकल्प, कापड उद्योगाचे संकुल, त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉप अशी ही वस्ती आहे. एके काळी अशा वर्कशॉपात मोठ्या फळ्यावर कागद ताणून, टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन यंत्रभागांची चित्रे काढत. आज तेच चित्र संगणकाच्या पडद्यावर काढतात, हवे तसे फिरवून पाहतात आणि त्यावर किती ताण येईल याचे गणितही तेथेच करतात. हे काम झटपट व्हावे म्हणून संगणकात एक वेगळी पाटी बसवलेली असते. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खेळ खेळणाऱ्या मुलांच्या संगणकातही हेच कार्ड असते.

हे कार्ड कामाला लागले की चांगलेच तापते. त्याचे पंखे घोंघावू लागतात, खोली गरम होते आणि विजेचे मीटर भराभर फिरते. पण कार्डाला मिळणारा विद्युत्‌दाब थोडासा कमी केला, तर त्याच वेगाने तेच काम बऱ्याच कमी विजेत होऊ शकते. ‘थोडे’ उतरवल्याने ‘बरेच’ कसे वाचते? आणि ते इतके सोपे असेल, तर कार्ड बनवणारी कंपनीच तसे का करत नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू.

इस्त्रीहून गरम चकती

आधी या कार्डाला काम किती असते ते पाहा. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला तर ते 20,73,600 होतात. हलते चित्र दिसण्यासाठी प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला 60 वेळा ठरवावा लागतो. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा हिशेब! एक हुशार कारकून बसवून हे काम उरकणार नाही. येथे साधी बेरीज-गुणाकार करणारे हजारो कारकून एकाच वेळी बसवावे लागतात. एनव्हिडिया कंपनीचे 2021 साली बाजारात आलेले ‘आरटीएक्स 3060’ हे मध्यम किमतीचे कार्ड घ्या. त्यात असे 3584 गणक आहेत. ते सारे सिलिकॉनच्या एका चकतीवर मावलेले आहेत. चकतीचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेसेच मोठे. तेवढ्या जागेत हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर आहेत.

या कार्डाची कमाल वीज 170 वॉट आहे. त्यातील 120 वॉट चकतीत खर्च होतात असे समजू. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 43 वॉट येतात. आता घरातील 1000 वॉटची इस्त्री घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर धरले तर दर चौरस सेंटिमीटरला 5 वॉट. म्हणजे तेवढ्याच जागेत या चकतीत इस्त्रीच्या आठपट उष्णता निर्माण होते. ती तत्काळ वाहून नेली नाही तर चकती काही क्षणांतच निकामी होण्याइतकी तापेल. म्हणून तिच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा जुडगा आणि त्यावर पंखे बसवलेले असतात.

आणखी एक गंमत. या चकतीला मिळणारा दाब फक्त 1 व्होल्टच्या आसपास असतो. आपल्या मनगटी घड्याळातल्या सेलपेक्षाही कमी! पण वीज म्हणजे दाब गुणिले प्रवाह. 1.05 व्होल्ट दाबाने 120 वॉट द्यायचे, तर प्रवाह 114 अँपिअर हवा. घरातील 230 व्होल्टवर चालणारी इस्त्री सव्वाचार अँपिअरच घेते.

वीज खर्च होते कोठे?

संगणकातील सारे गणित 0 आणि 1 या दोन अंकांवर चालते. चकतीतील एखाद्या तारेवर दाब असला तर 1, नसला तर 0. ही तार आणि तिला जोडलेले ट्रान्झिस्टर मिळून एक अगदी चिमुकले धारित्र, म्हणजे विद्युत्‌भार साठवणारे भांडे, तयार होते. 0 चा 1 करायचा म्हणजे हे भांडे भरायचे आणि 1 चा 0 करायचा म्हणजे ते रिकामे करायचे.

हे नीट समजण्यासाठी शेतावरचा पाण्याचा हौद डोळ्यांसमोर आणा. मोटार विहिरीतून पाणी उपसून हौदाच्या काठाइतक्या उंच पाटात सोडते आणि तेथून ते हौदात पडते. हौद भरला की तळाची तोटी उघडून सारे पाणी सोडून द्यायचे. पुन्हा भरायचे, पुन्हा सोडायचे. मोटारीला काम किती पडेल? पाणी किती आणि ते किती उंच चढवायचे, या दोहोंच्या गुणाकाराइतके.

आता हौदाचा काठ निम्म्या उंचीवर आणा आणि पाटही तेवढाच खाली घ्या. हौदात मावणारे पाणी निम्मे झाले. शिवाय प्रत्येक घागर चढवायची उंचीही निम्मी झाली. निम्म्याचे निम्मे म्हणजे पाव. उंची निम्मी केली, पण काम पावपट झाले. येथे उंचीचा परिणाम दोनदा होतो, म्हणून काम उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

चकतीतही नेमके असेच होते. येथे उंची म्हणजे विद्युत्‌दाब. भांडे एकदा भरून रिकामे करण्यास लागणारी ऊर्जा ही धारकता गुणिले दाबाचा वर्ग इतकी असते. त्यातील निम्मी ऊर्जा भरतानाच तारांच्या रोधात उष्णता होऊन जाते आणि उरलेली निम्मी रिकामे करताना जाते. ही भरण्या-रिकामे करण्याची क्रिया सेकंदाला जितक्या वेळा होईल तितक्या पटीने खर्च. म्हणून सूत्र असे:

वीज = धारकता × दाब × दाब × वारंवारता

धारकता चकतीच्या रचनेवर अवलंबून असते. ती आपल्याला बदलता येत नाही. वारंवारता म्हणजे चकतीतील घड्याळाचे सेकंदाचे ठोके. ते कमी केले तर काम मंदावते. राहिला दाब. त्याचाच परिणाम सूत्रात दोनदा आलेला आहे!

आता वही-पेन्सिल घ्या. 1.05 व्होल्टला होणारा खर्च 100 मानू. ठोके तेवढेच ठेवून दाब उतरवत गेलो तर वर्गाच्या नियमाने असे आकडे येतात:

1.05 व्होल्ट : 100
1.00 व्होल्ट : 91
0.95 व्होल्ट : 82
0.90 व्होल्ट : 73
0.85 व्होल्ट : 66

1.05 वरून 0.90 वर येणे म्हणजे दाबात सुमारे 14 टक्के घट. पण खर्चातली घट 27 टक्के! ‘थोडे’ आणि ‘बरेच’ यांतला संबंध आता तुमच्या ध्यानात आला असेल.

मग कंपनी दाब जास्त का ठेवते?

एखाद्या शाळेने शिंप्याला शंभर मुलांचे गणवेश शिवायला सांगितले. प्रत्येकाचे माप घ्यायला वेळ नाही. तेव्हा शिंपी काय करेल? कोणालाही तंग होऊ नये म्हणून सर्वांत थोराड मुलाच्या मापाचे कपडे सर्वांना शिवेल. किरकोळ मुलांना ते ढगळ होतील, पण अंगात तरी शिरतील.

सिलिकॉनच्या चकत्यांचेही असेच असते. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने बनलेल्या दोन चकत्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. ट्रान्झिस्टर इतके बारीक असतात की चार-दोन अणूंच्या थरांनीही फरक पडतो. एक चकती ठरलेल्या गतीने 0.88 व्होल्टवर बिनचूक चालेल, तर तिच्या बहिणीला 0.97 व्होल्ट लागतील. कंपनी चकत्यांची तपासणी व वर्गवारी करते. तरीही प्रत्येक चकतीची प्रत्येक परिस्थितीत तासन्‌तास परीक्षा घेणे तिला परवडत नाही. म्हणून ती सर्वांनाच पुरून उरेल असा दाब ठरवते.

त्यावर आणखी राखीव साठा ठेवावा लागतो. शेजारच्या शेतात मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो, हे तुम्ही पाहिले असेल. चकतीतही हेच घडते. निवांत बसलेले हजारो गणक एकदम कामाला लागले की प्रवाह झटकन वाढतो आणि दाब क्षणभर खचतो. त्या क्षणीही चकती चुकता कामा नये. शिवाय ट्रान्झिस्टर जुने झाले की थोडे मंदावतात. चार वर्षांनंतरही कार्ड नीट चालायला हवे. या सगळ्यासाठी मिळून जो जादा दाब दिलेला असतो, त्यातूनच आपल्याला थोडी काटकसर करता येते. दाब उतरवायच्या या क्रियेला इंग्रजीत ‘अंडरव्होल्टिंग’ असे नाव आहे.

घंटा आणि उत्तर

दाब फार उतरवला तर काय होईल? यासाठी आपण वर्गात जाऊ. गुरुजींनी सर्वांना एक गणित घातले आहे आणि घंटा वाजताच पाट्या गोळा करायच्या, असा नियम आहे. घंटेच्या वेळी पाटीवर जे असेल तेच उत्तर म्हणून धरले जाईल. मुले ताजीतवानी असली तर गणित घंटेच्या आधीच संपते. मुले उपाशी असली तर हात मंद चालतो, घंटा वाजते आणि अर्धवट गणितच ‘उत्तर’ म्हणून गुरुजींच्या हाती जाते.

चकतीतील घड्याळाचा ठोका म्हणजे ही घंटा. दाब म्हणजे ट्रान्झिस्टरांचे अन्न. दाब कमी झाला की ट्रान्झिस्टरांमधून प्रवाह कमी वाहतो, चिमुकली भांडी भरायला अधिक वेळ लागतो. आरटीएक्स 3060 चे घड्याळ सेकंदाला सुमारे 178 कोटी ठोके देते. दोन ठोक्यांमधला वेळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या जेमतेम निम्मा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सतरा सेंटिमीटरच जातो, म्हणजे एक वीतभरही नाही! एवढ्या वेळात गणित पुरे झाले नाही तर पुढच्या गणकाला चुकीचा अंक मिळतो.

मग पडद्यावर भलत्या रंगाचे ठिपके चमकतात, चित्र थिजते, कार्यक्रम अचानक बंद पडतो किंवा संगणक पुन्हा सुरू होतो. दाब कमी केल्याने चकती जळत नाही. तिला इजा होते ती दाब वाजवीपेक्षा वाढवल्याने. दाब उतरवताना धोका असतो तो कामाला.

नुसती गती कमी केली तर?

‘दाब तसाच ठेवून घड्याळ मंद केले तर वीज वाचणार नाही का?’ असा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील. प्रश्न चांगला आहे.

समजा, एखाद्या यंत्रभागाचे चित्र तयार व्हायला 10 मिनिटे लागतात. ठोके निम्मे केले तर दर सेकंदाचा खर्च निम्मा होईल. पण काम 20 मिनिटे चालेल. निम्म्या खर्चाने दुप्पट वेळ म्हणजे एकूण ऊर्जा तेवढीच. भांडी जितक्या वेळा भरायची तितक्या वेळा भरावीच लागणार! कार्ड कमी तापेल हे खरे, पण त्या कामाचे विजेचे बिल कमी होणार नाही. उलट संगणकाचे बाकीचे भाग दुप्पट वेळ चालू राहिल्याने ते थोडे वाढेलही.

दोन्ही थोडे थोडे उतरवले तर मात्र फायदा होतो. दाब आणि ठोके दोन्ही 10 टक्के कमी करा. 0.9 × 0.9 × 0.9 म्हणजे 0.73. वीज 27 टक्के कमी झाली. काम मात्र 10 टक्केच मंदावले. त्या कामाला लागणारी एकूण ऊर्जा 0.9 × 0.9 म्हणजे 0.81 पट झाली. ही 19 टक्क्यांची बचत झाली ती दाबामुळेच, हे विसरू नका.

दाब शून्याकडे का नेत नाहीत?

1971 साली इंटेल कंपनीने ‘4004’ ही चकती विकायला काढली. तिच्यात सुमारे 2300 ट्रान्झिस्टर होते आणि तिला 15 व्होल्ट दाब लागे. त्यानंतर बरीच वर्षे संगणकातील चकत्या 5 व्होल्टवर चालत. 1974 साली आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम मांडला. ट्रान्झिस्टर जितक्या पटीने लहान कराल तितक्या पटीने दाबही कमी करा. मग त्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसतील, ते अधिक वेगाने चालतील आणि तरीही चकती जास्त तापणार नाही. पुढील तीस वर्षे संगणकशास्त्राची घोडदौड झाली ती या नियमाच्या आधारावर. दाब 5 वरून 3.3 व्होल्टवर आला आणि मग 1 व्होल्टच्या जवळ येऊन पोचला.

2005 च्या सुमारास मात्र ही गाडी अडली. ट्रान्झिस्टर ही विजेची तोटी आहे. ती उघडण्यास एक किमान दाब लागतो, त्याला आपण उंबरठा म्हणू. एकूण दाब उतरवायचा तर उंबरठाही उतरवावा लागतो. पण उंबरठा खाली आणला की तोटी नीट बंद होत नाही, ठिबकत राहते. उंबरठा 0.1 व्होल्टने उतरवला तर ही गळती सुमारे दहापट, कधी त्याहूनही अधिक वाढते. कोट्यवधी तोट्या ठिबकू लागल्यावर काय होईल हे सांगायला नको. म्हणून त्यानंतर दाब 1 व्होल्टच्या आसपासच रेंगाळला, घड्याळाच्या वेगाची वाढ मंदावली आणि एका वेगवान गणकाऐवजी पुष्कळ गणक शेजारी शेजारी बसवण्याचे युग आले. ग्राफिक्स कार्ड हे त्या युगाचेच अपत्य होय.

मे महिन्यातली दुपार

आता आपण बारामती-इंदापूरकडे परत येऊ. मे महिन्यात येथे दुपारी पारा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तर विचारूच नका.

कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा किती जास्त राहील, हे त्याच्यात निर्माण होणाऱ्या उष्णतेवर ठरते. उष्णता दुप्पट तर फरक साधारण दुप्पट. समजा, जानेवारीत खोली 25 अंशांवर आहे आणि पूर्ण कामात कार्ड 75 अंशांवर आहे. फरक 50 अंशांचा. तेच कार्ड, तेच काम, तोच पंख्याचा वेग मे महिन्यात असेल तर 40 अधिक 50 म्हणजे 90 अंश. बहुतेक कार्डे 80 ते 90 अंशांच्या दरम्यान स्वतःच सावध होतात आणि घड्याळ मंद करतात. म्हणजे पैसे मोजले पूर्ण वेगाचे आणि उन्हाळ्यात काम मिळाले मंद वेगाचे!

येथे दाब उतरवा. आपल्या उदाहरणातील 170 वॉटच्या कार्डात चकतीचे 120 वॉट होते. 0.90 व्होल्टला त्यांचे 88 होतील. स्मृती, पंखे व इतर भागांचे 50 वॉट तसेच राहतील. एकूण 138 वॉट. म्हणजे उष्णता चार-पंचमांश झाली. मग फरकही 50 ऐवजी 40 अंशांच्या आसपास येईल आणि मेमधल्या दुपारीही कार्ड 80 अंशांवर राहील. ते मंद होणार नाही. म्हणजे दाब उतरवलेले कार्ड उन्हाळ्यात आधीपेक्षा वेगाने काम करू शकते.

याचे आणखी दोन फायदे आहेत. चकती थंड राहिली की वर सांगितलेली गळतीही कमी होते. दुसरा फायदा पंख्याचा. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्के कमी केला तर 0.8 × 0.8 × 0.8 म्हणजे निम्मीच वीज पुरते आणि घोंघाटही उतरतो.

प्रयोग

साहित्य : स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक, वही, घड्याळ आणि मिळाल्यास भिंतीच्या प्लगमध्ये लावायचे वॉटमापक. संगणक शाळेचा असेल तर शिक्षकांची आणि घरचा असेल तर वडीलधाऱ्यांची परवानगी आधी घ्या. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ या नावाचा कार्यक्रम वापरतात. एएमडीच्या कार्डांसाठी त्या कंपनीच्याच कार्यक्रमात दाबाची सोय असते. काही लॅपटॉपमध्ये ही सोय कंपनीने बंद ठेवलेली असते. तेथे हट्ट करू नका.

कृती : (1) आधी काहीही न बदलता कार्डाला जड काम द्या. वीस मिनिटांनी तापमान स्थिर झाले की खोलीचे तापमान, कार्डाचे तापमान, वॉट, दाब आणि घड्याळाचा वेग हे पाच आकडे वहीत लिहा.

(2) घड्याळाचा नेहमीचा वेग कायम ठेवून दाब 0.025 व्होल्टने उतरवा. पुन्हा वीस मिनिटे तेच काम द्या. पाचही आकडे लिहा.

(3) असे पायरी पायरीने उतरत जा. एकदम मोठी उडी घेऊ नका.

(4) ठिपके चमकले, चित्र थिजले किंवा कार्यक्रम बंद पडला की थांबा. तेथून दोन पायऱ्या वर चढा. त्या दाबावर कार्ड दोन-तीन दिवस निरनिराळ्या कामांत वापरून पाहा.

(5) तोपर्यंत ‘संगणक सुरू होताच हा दाब लागू कर’ अशी आज्ञा देऊ नका. म्हणजे संगणक अडलाच तर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कंपनीचा मूळ दाब परत येईल.

निरीक्षण : आडव्या अक्षावर दाबाचा वर्ग आणि उभ्या अक्षावर वॉट घेऊन आलेख काढा. बिंदू साधारण सरळ रेषेत येतील. पण ती रेषा शून्यातून जाणार नाही. का जाणार नाही, याचे उत्तर मागच्या परिच्छेदातील 50 वॉटमध्ये दडलेले आहे.

मित्राच्या कार्डावरचा आकडा आपल्या कार्डाला जसाच्या तसा देऊ नका. कार्डांची नावे सारखी असली तरी चकत्या वेगळ्या असतात, हे आपण पाहिलेच आहे.

चुकीचे उत्तर सर्वांत महाग

खेळात एखादा ठिपका चुकला तर फारसे बिघडत नाही. पण सगळी कामे खेळाची नसतात. बारामतीजवळ शारदानगर येथील अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करण्याचा प्रकल्प मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने हाती घेतला आहे. उपग्रहांची चित्रे, जमिनीतील ओलाव्याची मोजमापे आणि हवामान यांची सांगड घालून पाणी व खत केव्हा द्यावे, याचा सल्ला शेतकऱ्याला त्यातून मिळतो. असे सल्ले देणारी गणिते दूरच्या मोठ्या संगणककेंद्रांत होतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाचा मोठा भार तेथे ग्राफिक्स कार्डांच्याच जातीच्या चकत्या उचलतात.

तेथे एखादा अंक गुपचूप चुकला तर? संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. पण चुकीचे उत्तर बिनबोभाट पुढे गेले, तर ते कोणाला कळणार? यंत्रभागाच्या ताणाच्या गणितातही हीच भीती असते. म्हणून जेथे उत्तरावर कोणाचे पीक, पैसा किंवा प्राण अवलंबून असतील, तेथे केवळ ‘संगणक बंद पडला नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे मोठे गणित कार्डाला शेकडो वेळा घालावे आणि प्रत्येक वेळी उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळते का ते ताडावे. काटकसर किती करायची हे कामाचे मोल पाहून ठरवायचे असते.

पुण्यापासून जर्मनीपर्यंत

कार्डांची संख्या वाढली की ही काटकसर केवढी मोठी होते ते पाहा. 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक बनवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक 2020 सालच्या नोव्हेंबरमधील जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत 63 वा होता. त्यात 42 संच आहेत आणि प्रत्येक संचात एनव्हिडियाची ‘ए100’ जातीची 8 कार्डे. एकूण 336. प्रत्येकाची कमाल वीज 400 वॉट धरली तर नुसत्या कार्डांचीच 1,34,400 वॉट होते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. हिशेब करा. पाच अश्वशक्तीच्या 36 मोटारी एकदम चालाव्यात, एवढी ही वीज आहे!

म्हणूनच ‘सर्वांत वेगवान कोण’ याच्या जोडीला ‘एका वॉटमध्ये सर्वांत जास्त गणिते कोण करतो’ याचीही जागतिक यादी 2007 पासून निघते. तिचे नाव ‘ग्रीन फाइव्ह हंड्रेड’. 2014 सालच्या नोव्हेंबरमध्ये तिच्यात पहिला आला तो जर्मनीतील डार्मस्टाट येथील ‘एल-सीएससी’ हा संगणक. त्यात एएमडीची ग्राफिक्स कार्डे होती. दर वॉटला सेकंदाला 500 कोटी गणितांची मर्यादा ओलांडणारा तो पहिला संगणक. या कसोटीसाठी तेथील शास्त्रज्ञांनी कार्डांचे घड्याळ कमाल वेगाने न पळवता दाब आणि वेग यांचा मेळ बसेल अशा बेताच्या गतीवर ठेवले होते. सर्वांत जोरात पळणारा नेहमीच सर्वांत काटकसरी असतो असे नाही!

आपल्या शाळेचा हिशेब

शेवटी एका संगणक प्रयोगशाळेचा हिशेब मांडू. 30 संगणक, प्रत्येक कार्डामागे 32 वॉटची बचत, दिवसाला 6 तास जड काम. 30 × 32 × 6 = 5760 वॉट-तास, म्हणजे पावणेसहा युनिटे रोज. वर्षातले 200 दिवस धरले तर 1152 युनिटे. दगडी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात एका युनिटामागे सुमारे 600 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका प्रयोगशाळेमागे पाऊण टनाच्या आसपास कोळसा वाचला. खोलीत वातानुकूलन यंत्र असेल तर त्याचीही बचत होईल. कारण कार्डाने खोलीत सोडलेली उष्णता बाहेर काढायला त्या यंत्राला पुन्हा वीज लागते.

या बचतीसाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही की काम कमी करावे लागले नाही. राखीव ठेवलेल्या साठ्यातला आपल्या कार्डाला न लागणारा भाग मोजून बाजूला काढला, इतकेच.

सोडवून पाहा

(1) एका कार्डाचा दाब 1.10 व्होल्टवरून 0.99 व्होल्टवर आणला. ठोके तेवढेच ठेवले. चकतीतील भांडी भरण्या-रिकामी करण्याचा खर्च किती टक्क्यांनी कमी होईल?

(2) 20 संगणकांत प्रत्येकी 30 वॉट वाचले. रोज 5 तास याप्रमाणे 24 दिवसांत किती युनिटे वाचतील?

(3) एकाच दाबावर एक कार्ड जानेवारीत बिनचूक चालले, पण मे महिन्यात अधूनमधून अडू लागले. चकती तापली की गळती वाढते आणि तारांचा रोधही वाढतो, हे ध्यानात घेऊन कारण सांगा. मग प्रयोग कोणत्या ऋतूत करून दाब ठरवावा?

उत्तरे : (1) 19 टक्के. (2) 72 युनिटे. (3) रोध वाढल्याने भांडी भरायला वेळ लागतो, गळतीमुळे प्रवाह वाढून दाब अधिक खचतो आणि घंटेआधी गणित संपत नाही. म्हणून दाब उन्हाळ्यात तपासून ठरवावा. मे महिन्याच्या दुपारी जो दाब पुरतो, तो हिवाळ्यातही सहसा पुरतो.